खासगीचा हिशेब

इंदूरच्या मराठी घरात अहिल्याबाई होळकर कोण, हे सांगावे लागत नाही. विमानतळाला त्यांचे नाव, विद्यापीठाला त्यांचे नाव, राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्यांनी बांधलेली देवळे आणि घाट आपल्या मुलांना पाठ असतात. या लेखात देवळांबद्दल आम्ही थोडेच लिहिणार आहोत. आम्हाला लिहायचे आहे ते बाईंच्या स्वतःच्या खर्चाबद्दल. हाताशी एवढा पैसा असताना त्या अठ्ठावीस वर्षे साधेपणाने राहिल्या, तो साधेपणा इतका टिकला कसा, हा प्रश्न आम्हाला फार दिवस पडला आहे.

साधेपणाने राहायचे असे नुसते ठरवणे काही कठीण नाही. पाडव्याला आपण सगळेच ठरवतो. घरखर्चाची नवी वही आणतो, पहिली चार पाने सुवाच्य अक्षरात भरतो. मग लग्नसराई येते, दिवाळीआधी पुष्य नक्षत्राला सराफ्यात गर्दी उसळते, शेजारी मोठा टीव्ही येतो आणि दुकानदार हप्त्याने द्यायला तयारच असतो. वही पाचव्या पानावर थांबते. पालकसभेत फीचा विषय निघाला की अनेकांचे चेहरे उतरतात, आणि त्यातले सगळेच काही कमी मिळवणारे नसतात. अडचण मिळकतीची असते तिथे उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण पैसा येतो आणि कुठे जातो ते कळत नाही, अशी तक्रार असेल तर महेश्वरच्या वाड्यात डोकावून पाहण्यासारखे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आठव्या वर्षी, १७३३ साली, मल्हारराव होळकरांच्या खंडेरावाशी लग्न झाले आणि मुलगी होळकरांच्या घरात आली. हे घर तेव्हा नव्यानेच वर आलेले होते. मल्हाररावांनी लहानपणी मेंढरे राखली होती आणि पुढे तलवारीच्या बळावर माळव्याची सुभेदारी मिळवली होती. असा झपाट्याने आलेला पैसा घरात टिकवायचा तर कुणीतरी हिशेबी माणूस लागतो. त्या घरात ती जागा सासूबाईंची, गौतमाबाईंची होती.

इथे खासगी म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. १७३४ साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे माळव्यात आणि दख्खनमध्ये मिळून जवळजवळ तीन लाखांच्या उत्पन्नाचे महाल आणि गावे मिळाली. सरदाराची जहागीर फौजेसाठी असते. तिच्यातून घोडेस्वारांचे पगार, तोफा, दाणावैरण हे सगळे भागवायचे असते. तिला दौलत म्हणत. गौतमाबाईंच्या नावचे उत्पन्न मात्र घरचे, स्त्रियांच्या हातचे. ती खासगी. दौलतीचा पैसा खासगीत यायचा नाही आणि खासगीचा दौलतीत जायचा नाही. दोन्हींचे कारभारी वेगळे, दप्तरे वेगळी. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच घरात दोन पेट्या, आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या खुंटीला.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. बाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या, मल्हाररावांनी विनवणी करून थांबवले, आणि पुढची बारा वर्षे सुनेला कारभारात घालून तयार केले. १७६५ च्या एका पत्रात ते तिला ग्वाल्हेरकडे कूच करायला सांगतात, तोफखान्याच्या दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात, वाटेवर चौक्या बसवायला सांगतात. सासऱ्याने सुनेला लिहिलेले पत्र वाचतो आहोत की कारभाऱ्याला लिहिलेले, असा संभ्रम पडावा! १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि खासगीची जबाबदारी अहिल्याबाईंकडे आली. १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर आला, तोही पुढच्याच वर्षी गेला. नवरा, सासू, सासरा, मुलगा, सगळे तेरा वर्षांत. १७६७ च्या अखेरीस माधवराव पेशव्यांच्या संमतीने राज्याचा कारभार बाईंनी हाती घेतला, आणि फौजेची सरदारी तुकोजी होळकरांना दिली.

मल्हाररावांनी मागे ठेवलेला खजिना दोन कोटींच्या घरातला होता, असे सर जॉन माल्कमने लिहून ठेवले आहे. खासगीच्या जमिनींचे उत्पन्नही तोवर वर्षाला चार लाखांपर्यंत गेले होते. माल्कम हा काही होळकरांचा भाट नव्हता. १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हा इंग्रज सेनापती. पुढे तो माळव्यात राहिला, बाईंच्या पदरी असलेली म्हातारी माणसे तेव्हा हयात होती, त्यांना विचारून त्याने ही माहिती गोळा केली आणि १८२३ साली ती त्याच्या ग्रंथात छापली. त्याने लिहिलेली एक गोष्ट आमच्या मते बाईंच्या सगळ्या आयुष्याची गुरुकिल्ली आहे. खजिना ताब्यात आल्यावर बाईंनी त्यावर पाणी सोडले आणि तुळशीपत्र ठेवले. म्हणजे हा पैसा धर्मकार्याचा, आपला नव्हे, असा संकल्प केला.

तुळशीपत्र ठेवणे हा शब्द आपण आज फक्त म्हणीसारखा वापरतो. त्यांनी तो विधी म्हणून केला, आणि आम्हाला वाटते की त्या एका सकाळने पुढच्या हजारो सकाळी सोप्या झाल्या. रोज मनाशी भांडत बसणाऱ्याचा निश्चय कधीतरी ढळतोच. आज घ्यावे की न घ्यावे, एवढ्याने काय होते, वर्षातून एकदा तर, असे मन शंभर वाटा काढते. पण पैसा आपला नाहीच असे एकदा ठरले की त्या वाटा बंद होतात. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या रकमेतून कुणी आपली हौस भागवत नाही, आणि त्यासाठी मनाला आवर घालावा लागला असेही त्याला वाटत नाही. राज्याचे हुकूमसुद्धा बाई स्वतःच्या नावाने न काढता शंकराच्या नावाने काढीत, हे आपल्याला ठाऊक आहे. ते आपण नुसती भक्ती म्हणून सांगतो. त्यात हिशेबही होता.

या तुळशीपत्राने इतरांचीही तोंडे बंद केली. राघोबादादा होळकरांच्या खजिन्यावर डोळा ठेवून आले, तेव्हा बाईंनी त्यांना कळवले की पैसा दानासाठी काढून ठेवला आहे, आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून घेणार असाल तर संकल्प सोडून द्यायला तयार आहे, अशी कथा सांगतात. दादांना ते कसे मानवणार? संवाद नेमका असाच झाला की नाही हे सोडा, दादा खजिना न घेता परत गेले हे खरे. नातेवाईक उसने मागायला आले की कोणती सबब सांगावी, या विवंचनेत असणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी. बाईंनी खोटी सबब सांगितलीच नाही. पैसा कशासाठी आहे ते सांगितले.

राजधानी त्यांनी महेश्वरला नेली. आपल्या इंदुराहून नव्वदेक किलोमीटर, नर्मदेच्या काठी. तिथल्या किल्ल्यातला त्यांचा वाडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. लाकडी खांबांचा, कौलारू, बेताचा. शाळेच्या सहलीत आमचा नेहमीचा अनुभव असा की मुले आधी लालबाग पाहिलेली असतात, तिथली झुंबरे आणि संगमरवर डोळ्यांत असतात, आणि महेश्वरला आल्यावर ती विचारतात की राजवाडा कुठे आहे. राजवाडा हाच, आणि ही पांढरी गादी म्हणजे राज्याची गादी, हे त्यांना पटायला वेळ लागतो. लालबागेचे बांधकाम १८८६ साली सुरू होऊन १९२१ साली पुरे झाले, तेही होळकरांचेच. घराणे एक, पण दोन्ही वाड्यांमध्ये सव्वाशे वर्षे आणि दोन वेगळे स्वभाव आहेत.

बाईंचा दिवस माल्कमने तपशिलाने दिला आहे. पहाटेच्या तासभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, मग दानधर्म आणि ब्राह्मणभोजन, त्यानंतर स्वतःचे जेवण. जेवण शाकाहारी, कुळाचारात मांसाहाराला मनाई नसतानाही. थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. पुन्हा पूजा, थोडासा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. म्हणजे दिवसातले सहा तास कागद आणि फिर्यादी. अंगावर पांढरे वस्त्र, त्याला रंगीत काठसुद्धा नाही. दागिना म्हणजे गळ्यात एक लहानशी माळ. पांढरे नेसणे हा त्या काळी विधवेवर लादलेला नियम होता, त्याला साधेपणा म्हणून मिरवणे बरोबर नाही, हे आम्हालाही कळते. पण वाडा केवढा असावा, पंगती कशा झडाव्यात, पालखीपुढे किती माणसे धावावीत, यावर कुठल्या रूढीचे बंधन नव्हते. तिथे त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली.

शिवाय मोह काही दूर नव्हता. महेश्वरला विणकर आणून वसवले ते बाईंनीच. किल्ल्याखाली दिवसभर माग चालत. आज ज्या महेश्वरी साडीसाठी आपल्या घराघरांतून लग्नाच्या याद्या बनतात, तिचे माहेर म्हणजे बाईंचे दार. त्या कापडाची त्या पारख करीत, आल्या-गेल्या पाहुण्यांना देत, विणकराला काम मिळेल असे पाहत. स्वतः नेसत ते पांढरे. बाजाराकडे पाठ फिरवून राहणारी काटकसर वेगळी, आणि सुंदर वस्तू पाहून, हातात घेऊन, तिचे कौतुक करून ती खाली ठेवण्याची काटकसर वेगळी. ही दुसरी फार कठीण.

मग खासगीचा पैसा गेला कुठे? काशीचे विश्वनाथ मंदिर १७८० च्या सुमारास, सोमनाथचे नवे मंदिर १७८३ साली, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, मणिकर्णिका घाट, आणि विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची तर मोजदाद अवघड. ही यादी प्रसिद्ध आहे. आम्हाला त्याहून लहान खर्च जास्त आवडतात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर माणसे पाणी घेऊन उभी असत. शेतात नांगर चालू असेल तर त्याला थांबवून बैलांना पाणी पाजले जाई. थंडीत आश्रितांना आणि अपंगांना कपडे मिळत. महेश्वरजवळ शेतकरी पाखरांना हाकलत, तेव्हा बाईंनी उभ्या पिकाची काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडली. कुणी म्हणेल हा कसला काटकसरीपणा! पण आपल्या ताटात एक वाटी कमी घेणाऱ्या बाईला पाखरांचे शेत परवडत होते, ते त्या वाटीमुळेच. वाचवलेला पैसा पुढे काय करतो हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत असे. आपली वही पाचव्या पानावर थांबते याचे एक कारण आम्हाला असे वाटते की वाचलेल्या शंभर रुपयांचे काय झाले हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नसते.

दुसऱ्याच्या पैशाविषयीही त्या तितक्याच काटेकोर होत्या. खरगोणला दोन श्रीमंत भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी सगळी दौलत बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती घेतली नाही, तुमच्याच हातांनी लोकांच्या उपयोगी लावा असे सुचवले. आपल्या इंदूरचीही अशीच एक हकिगत आहे. एक सावकार मूल न होता गेला आणि जवळच तळ पडलेल्या तुकोजींना त्याच्या संपत्तीत वाटा हवा होता. सावकाराची बायको महेश्वरला गेली. बाईंनी तिची मालमत्ता तिच्याकडेच राहील अशी व्यवस्था केली आणि तुकोजींना तिथून तळ हलवायला लावला. पैसेवाल्यांना या गावात पैसा सुरक्षित आहे असे वाटू लागले, आणि इंदूर वाढले. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तेव्हा तो शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकायला सांगितला. लेखकाला त्याचे फळ काय मिळाले? काहीच नाही. स्तुतीवर होणारा खर्चही त्यांच्या वहीत नव्हता.

पण या काटकसरीची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुकोजी वयाने मोठे असूनही बाईंना मातोश्री म्हणत. तरी दोघांचे पैशावरून वर्षानुवर्षे खटके उडाले. फौज उत्तरेत, दख्खनमध्ये, कधी इथे तर कधी तिथे. शिपायांचे पगार थकलेले. तुकोजींची पत्रे पैशासाठी. बाईंचे उत्तर ठरलेले: आधीचा हिशेब पाठवा. फौजेचा खर्च दौलतीतून व्हावा, खासगीला हात लावता येणार नाही. तुकोजी हिशेबात ढिले होते, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. पण त्याच काळात महादजी शिंदे डी बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणे उभी करत होते. होळकरांची चार पलटणे उशिरा उभी राहिली आणि १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने ती कापून काढली. बाईंनी पेटी उघडली असती तर निकाल बदलला असता असे म्हणणारे आहेत. पैसा तुकोजींच्या हाती जाऊन विरघळला असता असे म्हणणारेही आहेत. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, तरी पहिल्या मताला हसून घालवता येत नाही. आपल्याही घरात नको त्या वेळी आवळलेली मूठ कधीकधी महाग पडते. आजारपणात तपासणी लांबवणे, मुलीचे शिक्षण एक वर्ष पुढे ढकलणे. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही याचा निवाडा बाईंनाही प्रत्येक वेळी अचूक जमला असेल, असा दावा आम्ही करणार नाही.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. नातू नथोबा क्षयाने गेला. जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ साली मुक्ताबाई सती गेल्या. बाईंनी तिला परोपरीने विनवले. सासऱ्याच्या विनवणीने त्या स्वतः थांबल्या होत्या, पण लेक थांबली नाही. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पुढे महेश्वरला मुलीची सुंदर छत्री बांधवली. सगळ्या आयुष्यात केवळ आपल्या मनासाठी म्हणून त्यांनी काही बांधले असेल तर ते हेच, असे आम्हाला वाटते, आणि त्या छत्रीपुढे उभे राहिले की खर्चाचा विचार मनात येत नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी सत्तराव्या वर्षी बाई गेल्या. दोनच वर्षांत तुकोजी गेले, त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली, आणि जपलेला पैसा युद्धांच्या धामधुमीत उधळला गेला. खासगीची पेटी मात्र स्वतंत्र राहिली. दौलतीचे पुढे संस्थान झाले, १९४८ साली ते मध्य भारतात विलीन झाले, तरी बाईंच्या घाटांची आणि देवळांची देखभाल करायला कुणीतरी हवेच होते. १९६२ साली त्यासाठी खासगी न्यास स्थापन झाला. त्याच्या मालमत्तेच्या काही व्यवहारांवरून वाद उभा राहिला, प्रकरण इंदूर खंडपीठातून दिल्लीला गेले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवण्याचा आणि त्याचे हिशेब निबंधकाने तपासण्याचा आदेश दिला. १७३४ साली गौतमाबाईंच्या नावाने उघडलेल्या वहीची पाने अजून उलटली जात आहेत.